रिकाम्या खोलीतला पंखा

गोल्फच्या मैदानावरचं गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी हसला तो गंमत्या. एवढं लाडावलेलं गवत त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला सकाळ-संध्याकाळ आंघोळ, केस कापायला वेगळं मशीन, जरा कुठं तांबूस दिसलं की फवारा. आणि इकडं वस्तीवर बाया टँकरमागं भांडी घेऊन धावायच्या. "आता कळेल त्याला पण," असं तो गाडीत बसलेल्या एका साहेबाला बोलून गेला. साहेबाला वाटलं, ड्रायव्हरला मैदानाची फार काळजी आहे. त्यानं मान हलवली.

गंमत्या तिथं गाडी चालवायचा. गोल्फची गाडी म्हणजे दारं नसलेलं, बॅटरीवर चालणारं, अजिबात आवाज न करणारं एक खेळणं. साहेबांना चेंडू पडला तिथपर्यंत न्यायचं, उतरवायचं, परत बसवायचं. चेंडू पायाशी पडला तरी गाडीच लागायची. साहेब लोक त्याला 'ए गाडी' अशी हाक मारायचे. तो तोंडानं पीप-पीप करून वळायचा. ते हसायचे. हसले की दिवस बरा जायचा.

वस्तीत त्याला गंमत्या हे नाव पडलं ते उगाच नाही. सरळ बोलणं त्याला जमायचंच नाही. शेजारच्या शिलाईवालीला त्यानं एकदा पटवलं होतं, की मशीनला उलटीकडून तेल घातलं तर उसवलेलं आपोआप शिवलं जातं. स्वतःच्या बापाला सोडलं नाही. कावळ्यांची मोजणी चालू आहे, प्रत्येक घरातल्या एका माणसानं आकडा द्यायचा आहे, असं सांगितलं, आणि म्हातारा अख्खी सकाळ अंगणात मान वर करून बसला. मान आखडली तेव्हा सुनेनं शेकून दिली आणि खरं काय ते सांगितलं. तेव्हापासून म्हातारा पोराचं बोलणं एका कानानं ऐकायचा आणि दुसरा कान खाजवायचा.

गवत मेलं आणि गंमत्याचं हसू आटलं. मैदानाला पाणी देणं बंद झालं. खेळणारे येईनात. मॅनेजरनं सगळ्यांना सावलीत उभं केलं, स्वतः खुर्चीवर बसला आणि क्लब बंद होतोय म्हणून सांगितलं. आवराआवरीला लागतील तेवढे दिवस यायचं, मग घरी. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला झेंडे उपटायला लावलं. एकेक भोक बुजवत, काठ्या खांद्यावर घेऊन तो उन्हात फिरायचा. पायाखाली गवत पापडासारखं मोडायचं.

आता घर राहिलं बायकोच्या पेटीवर.

पेटी म्हणजे बंद पडलेल्या फ्रिजचं कपाट. आत जाळीचे ट्रे, वर उष्णता द्यायची तार, मागं हवा फिरवायला तळहाताएवढा पंखा, आणि दारावर गरमी दाखवणारा आकडा. त्यात ती अंडी उबवायची. वस्तीतल्या बाया आपापल्या कोंबड्यांची अंडी आणून द्यायच्या, निघतील त्यातली निम्मी पिल्लं त्यांची, निम्मी हिची. तिला सगळे पिल्लंवाली म्हणायचे. या उन्हाळ्यात कोंबड्या चोच उघडून, पंख पसरून जागच्या जागी मरत होत्या. बायांनी मरायच्या आधीची शेवटची अंडी गोळा करून हिच्याकडं आणली. शिलाईवालीनं तर कापडाच्या चिंध्यांत एकेक गुंडाळून आणलं. ती म्हणाली की कोंबडी गेली, आता एवढंच तिचं आहे. पेटी अशी कधीच भरली नव्हती. ही पिल्लं निघाली तर अंगणात नवा कळप उभा राहील आणि नवऱ्याला कुणाच्या दारात काम मागायला जावं लागणार नाही, हे पिल्लंवालीनं मनात पक्कं धरलं होतं. बोलून दाखवलं नव्हतं. बोललं की नवरा त्याची गंमत करेल.

अडचण विजेची. ऊन चढलं की वीज जायची ती दिवे लागणीला यायची. एरवी वीज गेली की अंडी गार होतील याची भीती असते. या उन्हात उलटं. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी हवा उकळायची. आतला पंखा थांबला तर पेटीतली गरमी वरच्या ट्रेवर साचून राहणार. त्यात अंड्यांतली पिल्लं मोठी झाली की ती स्वतःच गरम होतात. म्हणून पंखा चालूच हवा, झरोके उघडे हवेत, पेटीभोवती ओली पोती हवीत. छतावर सोलरची पॅनल होती, पण त्यांची जुनी बॅटरी पोट फुगून मेली होती. पिल्लंवाली दुपारभर दार किलकिलं करून पुठ्ठ्यानं वारा घालायची. हात भरून आला की हात बदलायची. मनगटं सुजली होती.

क्लबमधल्या मिस्त्रीनं गंमत्याला बाजूला घेतलं. गाड्या भंगारात जाणार होत्या, पण दोन गाड्यांच्या लिथियमच्या बॅटऱ्या अजून ठणठणीत होत्या. पंपाच्या खोलीतला इन्व्हर्टर त्यांना जुळत होता. मॅनेजरनं चिठ्ठी दिली, घेऊन जा म्हणाला. गंमत्यानं हातगाडीवर सगळं रचलं, दोरीनं आवळलं. फाटकावर वॉचमननं चिठ्ठी वाचली, तरी त्याचा डबा उघडून बघितला, खिसे उलटे करायला लावले. रोज चहा एकत्र प्यायचे दोघं. गंमत्यानं हात वर केले आणि बगलेत एक गाडी लपवली आहे, नीट तपास म्हणाला. वॉचमनला हसू आलं नाही. मॅनेजर खिडकीतून बघत होता.

चढावर हातगाडी मागं ओढायला लागली. दोरी खांद्यात रुतली, कातडी सोलली. घरी पोचल्यावर बायकोनं आधी खांदा पाहिला, मग बॅटऱ्या. तो म्हणाला, घराला आता चाकं लावायची, दारात बसून सगळ्यांनी फिरायला जायचं. ती हळद घेऊन आली आणि जरा जोरातच लावली.

मिस्त्रीनं येऊन छतावरच्या पॅनलशी जोडणी केली. दुपारी वीज गेली आणि पेटीतला पंखा फिरतच राहिला. पिल्लंवाली पुठ्ठा हातात घेऊन उभी होती, तो तिनं खाली ठेवला. आणि मग तिला हातांचं काय करावं तेच कळेना. कितीतरी दिवसांनी ती दुपारची आडवी झाली.

पण संध्याकाळच्या आत सगळं बंद पडलं. बॅटरी भरलेली, वरून ऊन ओकतंय, आणि घरात टिचकीभर वीज नाही. गंमत्यानं तारा हलवल्या, इन्व्हर्टरला थोपटलं, शिव्या दिल्या. शेवटी सायकल मारत मिस्त्रीकडं गेला. मिस्त्री कपाळावर हात मारून घेत म्हणाला की ही गाडीची बॅटरी आहे, हिला गाडीचीच सवय. बराच वेळ कुणी जोर लावून वीज ओढली नाही की ती समजते गाडी उभी आहे, मालक खेळायला गेला, आणि झोपी जाते. गाडीत बसून पाय दाबला की परत जागी होते. तुझ्या घराला पाय दाबायची सोय नाही. बटण दाबून उठव आणि काहीतरी मोठं सारखं चालू ठेव. पेटीतला एवढासा पंखा तिच्या खिजगणतीत नाही.

म्हणून मधल्या खोलीत उभा पंखा लावला. बायकोच्या माहेरून आलेला, मोठ्या पात्यांचा, धडधडणारा. तो दिवसभर रिकाम्या भिंतीवर वारा मारायचा. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं. त्या घरात गरजेपेक्षा जास्त वेळ दिवासुद्धा कधी जळला नव्हता. म्हाताऱ्यानं आयुष्यभर बटणं बंद करत घर चालवलं होतं. मोरीत गेलेलं माणूस बाहेर यायच्या आत तो बाहेरून दिवा घालवायचा.

त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, हा कुणासाठी फिरतोय?

गंमत्यानं खरं तेच सांगितलं. पण त्याला खरं सांगायची सवय कुठं होती? डोळे मिचकावत तो म्हणाला, "बाबा, ती बॅटरी साहेबांच्या घरची आहे. काम नसलं की झोपते. तिला झोप लागू नये म्हणून हा पंखा."

 म्हाताऱ्यानं कान खाजवला आणि बाहेर जाऊन बसला. गंमत्या खुशीत बायकोला म्हणाला, सांगितलं बाबांना. तिला वाटलं, सांगितलं म्हणजे कळलं.

तिनं अंडी टॉर्चवर धरून पाहिली. पहिल्यांदा नुसत्या लाल शिरा, मग डोळ्याचा काळा ठिपका, मग सगळं अंडं काळोखानं भरलेलं आणि त्या काळोखात काहीतरी कूस बदलतंय. पिल्लं निघायला फार दिवस उरले नव्हते. इतके दिवस रोज फिरवलेली अंडी आता फिरवायची नव्हती. तिनं ट्रेमध्ये ओलं फडकं ठेवलं आणि दार सारखं उघडायचं नाही असं स्वतःलाच बजावलं.

त्या दिवशी क्लबमधून निरोप आला. गाड्या ट्रकवर चढवायच्या होत्या, माणसं कमी होती, म्हणून गंमत्या तिकडं गेला. आणि वस्तीवर टँकर येणार म्हणून ओरडा झाला. पेटीला पाणी लागत होतं, पोत्यांना लागत होतं. तिनं सासऱ्याला सांगितलं, बाबा, पेटीकडं लक्ष ठेवा, आकडा वाढला तर झरोका उघडा, ओलं फडकं टाका. म्हातारा बरं म्हणाला. ती भांडी घेऊन गेली. टँकर वेळेवर आला नाही. बाया रांगेत भांडी ठेवून पलीकडच्या भिंतीच्या सावलीला बसल्या. ती मात्र उन्हात भांड्याशेजारीच उभी राहिली, रांगेतली जागा जाईल म्हणून. डोकं ठणकायला लागलं तेव्हा तिनं रिकामी कळशी डोक्यावर उपडी धरली. बायांनी तिची टिंगल केली, आज नवऱ्याची हवा लागली वाटतं हिला. तीही हसली. शिलाईवालीनं विचारलं, माझी कशी आहेत? ती म्हणाली, तुझीच सगळ्यात जास्त हलतात.

इकडं म्हाताऱ्यानं एकदा उठून आकडा पाहिला. बरोबर होता. परत येताना मधल्या खोलीत पंखा धडधडत होता. समोर भिंत, कॅलेंडर, बाकी कुणी नाही. सून पाण्यासाठी उन्हात, पोरगा उन्हात, आणि इथं भिंतीला वारा. त्यानं बटण बंद केलं. पाती हळूहळू थांबली. घर एकदम शांत झालं. त्या धडधडीनं त्याला कित्येक दिवस दुपारची झोप नव्हती. तो ओसरीवर आडवा झाला आणि त्याला गाढ झोप लागली.

थोड्या वेळानं बॅटरीलाही लागली.

पिल्लंवाली आली तेव्हा उन्हं कलली होती. डोक्यावर कळशी, हातात बादली. उंबऱ्यातच तिला घर वेगळं वाटलं. काय वेगळं, ते कळायला एक क्षण गेला. आवाज नव्हता. तिनं बादली ठेवली नाही, टाकली. एवढ्या वेळ रांगेत उभं राहून आणलेलं पाणी खोलीभर पसरलं आणि त्यातून ती पेटीकडं गेली. दारावरचा आकडा विझलेला. दार उघडलं तर आतून वाफ तोंडावर आली, आजारी माणसाच्या श्वासासारखी. तिनं वरच्या ट्रेतलं एक अंडं उचललं. हातात धरवेना. गालाला लावलं. तो चटका तिला ओळखीचा होता, चुलीवरून उतरवलेल्या भांड्याचा.

तिनं सगळे ट्रे बाहेर काढले, ओल्या फरशीवर ठेवले, पुठ्ठा शोधला आणि वारा घालत बसली. गंमत्या आला तोवर तिचा हात चालूच होता. तो ट्रकवर गाड्या ढकलून आला होता, कपडे घामानं कडक झालेले. त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, मग धावत जाऊन बॅटरीचं बटण दाबलं. पेटीचा आकडा लागला, आतला पंखा फिरला. मोठा पंखा फिरला नाही. त्याचं बटण बंद होतं.

म्हातारा आवाजानं उठून दारात येऊन उभा होता.

"पंखा कुणी बंद केला?"

"मी केला," म्हातारा म्हणाला. "कुणी नव्हतं खोलीत."

"मी सांगितलं नव्हतं तुम्हाला? बॅटरी झोपते म्हणून?"

म्हाताऱ्यानं पोराकडं पाहिलं, फरशीवरच्या पाण्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. ती वर बघत नव्हती.

"तू तर रोजच काहीतरी सांगतोस," तो म्हणाला.

   गंमत्या खाली बसला आणि हातानंच पाणी निपटून मोरीकडं ढकलायला लागला.

तिनं आशा सोडली नाही. थंड झाल्यावर अंडी पुसून परत आत ठेवली. खालच्या ट्रेला एवढी झळ बसली नसेल असं म्हणाली. ती म्हणाली म्हणून त्या दोघांनीही तसंच धरलं. मोठा पंखा परत भिंतीवर वारा मारायला लागला. म्हातारा आपली खाट उचलून मधल्या खोलीत घेऊन आला आणि बटणाखाली घातली. तिथून हलेना. चहा आणून दिला तर तसाच गार व्हायचा. सून म्हणाली, बाबा, बाहेर बसा, इथं गुदमरेल. तो म्हणाला, नको. एकदा तिनं पाहिलं, तो पेटीच्या दारावर तळवा टेकवून उभा होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

पिल्लं निघायचा दिवस आला. गेला. बाया एकेक करून यायला लागल्या. कुणी टोपली घेऊन, कुणी खोका घेऊन. पिल्लंवालीनं उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, अजून वेळ आहे, उन्हानं मागंपुढं होतं. शिलाईवालीला पेटी आतून बघायची होती. दार उघडायचं नसतं आता, म्हणून तिनं तिला वाटेला लावलं. शिलाईवाली जाताना गंमत्याला चेष्टेनं म्हणाली, काय हो, तुमची अंडी पण गाडीत बसून येणार वाटतं. त्याच्या तोंडून काही निघालं नाही. तिला तेच खटकलं. तिनं मागं वळून परत एकदा घराकडं पाहिलं, आणि वस्तीला कळायला तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. टँकरच्या रांगेत पिल्लंवालीची कळशी होती तिथंच होती, पण तिच्या मागं बरीच जागा सोडून दुसरी कळशी लागलेली. घरात वास यायला लागला. वरच्या ट्रेतलं एक अंडं फुटलं आणि दाराच्या फटीतून हिरवट पाणी ओघळलं. तिनं टॉर्च घेतला, एकेक अंडं धरलं. काळोख होता. कूस बदलत नव्हता. खालच्या ट्रेतलीही पाहिली, पण घाईघाईनं. एकावर टॉर्च टेकवला न टेकवला तोच ती पुढचं उचलायची.

"पुरून टाका," ती म्हणाली.

सकाळीच गंमत्यानं घरामागं खड्डा खणला. जमीन दगड झालेली, पहार टणाटण उडायची. सोललेल्या खांद्यावरची खपली फुटली, सदऱ्याला डाग पडला. म्हातारा पाटी घेऊन माती बाजूला करत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पिल्लंवालीनं ट्रे आणून एकेक उपडे केले. अंडी एकमेकांवर आदळली, काही फुटली. शिलाईवालीच्या अंड्यांखाली अंथरलेल्या चिंध्या वर आल्या, त्या तिनं काढून घडी करून ठेवल्या. कुणी नाक धरलं नाही. गंमत्यानं फावडं मारलं, एकदा, परत एकदा. निम्मा खड्डा झाकला गेला.

आणि खालून आवाज आला.

चिव. इतका बारीक की तिघांनाही वाटलं, आपल्याच कानात आला. गंमत्याचं फावडं हवेत थांबलं. त्याच्या बायकोनं झटकन त्याच्याकडं पाहिलं. ती नजर त्यानं ओळखली. असले आवाज काढण्यात तोच पटाईत होता.

"मी नाही," तो म्हणाला. "आईची शपथ, मी नाही."

परत आला. चिव, चिव. मातीखालून, अडकलेला.

ती गुडघ्यांवर पडली आणि हातांनी माती उकरायला लागली. तो पलीकडून. फावडं लागेल म्हणून त्यानं ते दूर भिरकावलं. अंडी हाताला लागली, काही कोमट, काही उन्हानं गरम. कोणतं ते कळेना. आवाज इकडून यायचा, तिकडं हात घातला की दुसरीकडून. ती एकेक अंडं कानाला लावायची, बाजूला ठेवायची, आणि लगेच वाटायचं, नीट ऐकलं नाही, तेच परत उचलायची. म्हातारा उभ्याचा खाली बसला, त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला. त्यानं एक अंडं उचलून खाजवायच्या त्या कानाशी धरलं. ओठ पुटपुटत होते. मग दुसरं.

"फोडा," ती म्हणाली. "सगळी फोडा."

ते फोडायला लागले. नखानं, दगडाच्या कडेनं. आत पिल्लं होती. पूर्ण झालेली, ओली पिसं अंगाला चिकटलेली, मान पंखाखाली घातलेली, डोळे मिटलेले. एकही हलत नव्हतं. ती प्रत्येकाला बोटानं टोचून बघायची आणि शेजारी मातीवर ठेवायची. वास असा की डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कुणाचं पाणी कशाचं ते विचारायची गरज नव्हती. गंमत्याची बोटं कवचांनी कापली. आवाज येत होता, लांबत लांबत येत होता, मध्ये थांबून परत यायचा.

मग आलाच नाही.

तिघंही हात थांबवून ऐकत राहिले. कुंपणापलीकडं कुणाची तरी बादली वाजली. ऊन वर आलं होतं, म्हाताऱ्याच्या टकलावर घामाचे थेंब फुटले होते. अजून बरीच अंडी उरली होती. आता ती फोडून काही उपयोग नव्हता, हे तिघांना कळत होतं, आणि ते पहिल्यांदा बोलायची कुणाची तयारी नव्हती. म्हाताऱ्यानं पुढचं अंडं उचललं, कानाला लावलं, आणि ते अलगद सुनेच्या हातात दिलं. तिनं ते फोडलं.